सोजरआत्याची कवळी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगायला ती इथं असते कुठं म्हणा — मुलीच्या शिक्षणासाठी दोघी पुण्यात, आणि मी इथं धाराशिवला, दवाखान्याच्या वरच्या खोल्यांत एकटा. पण ती इथं असती तरी सांगितलं नसतं, हे मला पक्कं माहीत आहे. मित्रांना सांगावं तर मित्र उरलेत कोण? जे आहेत ते डॉक्टर आहेत, आणि डॉक्टरला असलं काही सांगितलं की तो आधी 'होतं रे असं' म्हणतो आणि मग घरी जाऊन दुसऱ्या डॉक्टरला फोन करतो. म्हणून तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. बरंच आहे ते.

मी दातांचा डॉक्टर. आमचं गाव लोहाऱ्याच्या पुढं — जीपवाला 'सरका, सरका' करत आणखी माणसं कोंबतो आणि कुणाचा तरी गुडघा आपल्या पोटात येतो, त्या रस्त्यावरचं. आमच्या वस्तीतला मी पहिला डॉक्टर. त्यातही दातांचा म्हटल्यावर काही म्हाताऱ्यांनी तोंड वाकडं केलं होतं. दाताचा म्हंजी अर्धाच की, असं एकानं माझ्या वडिलांना चारचौघांत ऐकवलं. वडील त्या दिवशी घरी येऊन न जेवता झोपले. तेव्हापासून माझ्या डोक्यात एक खुमखुमी होती — ह्या गावाला एकदा दाखवायचं. काय दाखवायचं ते ठरलं नव्हतं. नुसतं दाखवायचं.

ही खुमखुमी लक्षात असू द्या. तिचा संबंध आहे.

सोजरआत्या — नाव लिहिलं आणि थांबलो. बदलून लिहावं का, असं वाटलं. पण एक नाव बदललं की मग मला बाकीचंही बदलावंसं वाटेल, मी मला चांगला ओळखतो. तर सोजरआत्या. सख्खी नव्हे. वडील तिला बहीण मानायचे, म्हणून आत्या. नवरा लवकर गेलेला, एक मुलगा — मिलिंद, माझ्याहून लहान, आता जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर आहे. आत्या दिवसा रोजानं शेतात जायची आणि संध्याकाळी विहारात वंदना घ्यायची. शाळेत कधी गेली नाही, पण वंदना सगळी तोंडपाठ, आणि आवाज असा खणखणीत की माईक लावला तर माईकच कुरकुर करायचा. मला पंचशील तिनंच शिकवलं. चुकलं की डोक्यात टपली.

आणि नुसतं म्हणायची असं नाही, ती ते पाळायची. आपण सगळे पाळतो तसं नव्हे, खरोखर. वस्तीत कोण काय बोललं यावरून जुंपली की लोक म्हणायचे, सोजरला विचारा. तिनं सांगितलं की विषय संपला. एकदा विहारातली ट्यूबलाइट फुटली. पोरांना रांगेत उभं केलं, कुणी तोंड उघडेना. तर आत्यानंच पुढं होऊन सांगितलं, माझ्या मिलिंद्यानं फोडली, म्या बघितलं. स्वतःच्या पोराचं नाव! दुसरी कुठली आई सांगेल? तिच्याजवळ शेत नव्हतं, शिक्षण नव्हतं, नवरा नव्हता. वस्तीत तिला मान होता तो एवढ्यावरच, की सोजर खोटं बोलत नाही.

व्यसन एकच — मिश्री. तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि बोटानं दातांना-हिरड्यांना चोळायची. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकांत घरोघर चालतं. पाचवं शील व्यसनाबद्दलचं. ते म्हणताना म्या जरा हळू म्हणते बग, असं तीच हसत सांगायची. लपवाछपवी तिथंही नव्हती.

मग दात गेले. लोहाऱ्यात कुणीतरी कवळी करून दिली, वरची आणि खालची. वरची टाळूला चिकटून बसते, तिचं एवढं काही नसतं. खालची मात्र नाचते. जीभ तिला ढकलते, गाल ढकलतात, आणि दात गेल्यावर जबड्याचं हाड वर्षानुवर्षं झिजत जातं, त्यामुळे बसायला तिला जागाच उरत नाही. एका पौर्णिमेला वंदना चालू असताना आत्याची खालची कवळी उडाली आणि तिनं ती हातात झेलली. पोरं खो-खो हसली. आत्याही हसली. पण त्यानंतर ती कवळी काढून ठेवूनच वंदना घ्यायला लागली, आणि बोळक्या तोंडातून अर्धे शब्द नुसत्या हवेसारखे निघायचे. मिलिंदला ते बघवेना. तो तिला घेऊन माझ्याकडं आला.

मी म्हटलं, आत्या, खालच्या हाडात दोन स्क्रू बसवू. त्यांना धरून कवळी राहील, कुठं जाणार नाही. पण मिश्री सोडावी लागेल, तंबाखूवर स्क्रू धरत नाहीत. हे मी जरा वाढवूनच सांगितलं, डॉक्टर लोक सांगतात तसं. आत्यानं कमरेची डबी काढली आणि माझ्या कचऱ्याच्या बादलीत टाकली. सोडली म्हंजी सोडली, एवढंच बोलली. आणि सोडली तिनं. मला कसं माहीत? अहो, माझं कामच तोंडात बघायचं. वास जातो, काळेपणा जातो, हिरडीचा रंग फिरतो. दर खेपेला मी बघत होतो आणि दर खेपेला हिरडी आणखी गुलाबी दिसत होती. म्हणजे नंतर जे मी बोललो ते समजून-उमजून बोललो. अंदाज चुकला, असं काही नाही.

पुढचं कळायला थोडं आमच्या धंद्यातलं सांगावं लागेल. कंटाळू नका, लवकर उरकतो.

हाडात दोन स्क्रू बसतात, पुढच्या बाजूला, एक डावा, एक उजवा. प्रत्येकाच्या डोक्यावर धातूची छोटी गोळी असते. कवळीच्या आतल्या बाजूला दोन टोप्या. कवळी दाबली की गोळी टोपीत बसते. आता ह्या टोप्यांत प्रकार असतात. एका प्रकारात आत मऊ कडी असते — रबरासारखी. ती कवळीला थोडं हलू देते. घास चावताना कवळी खाली दबते, हिरडीवर टेकते, आणि चावण्याचा जोर हिरडी आणि स्क्रू मिळून वाटून घेतात. दुसरा प्रकार नुसत्या धातूचा, घट्ट. तो काही हलू देत नाही. कवळी दगडासारखी बसते — पण मग सगळा जोर स्क्रूवर, आणि स्क्रूभोवतीच्या हाडावर. दोन्ही स्क्रू सरळ असतील तर हाड बहुतेक सोसतं. एक तिरका असेल तर? आपण रोवलेला खुंटा काढताना काय करतो? वर ओढत नाही, हलवतो. तिरक्या स्क्रूवर घट्ट टोपी बसवली की प्रत्येक घासाला तेच चालू राहतं.

आत्याचा उजवा स्क्रू तिरका होता. त्यात माझी चूक नव्हती, हे मी आजही म्हणेन. त्या बाजूचं हाड इतकं झिजलेलं होतं की जिकडं हाड तिकडं स्क्रू न्यावा लागला. असं होतं. आणि असं होतं म्हणूनच मऊ कडी असते. मी मऊ कडीच बसवली. आमच्या कॉलेजातले सर सांगायचे, कवळी बसू दे हिरडीवर, स्क्रूनं नुसतं धरायचं. मी तसंच केलं होतं. इथवर मी चांगला डॉक्टर होतो.

आत्या खूश होती. भाकरी चावायला लागली. फक्त एकदा म्हणाली, मोठ्यानं म्हणाया गेलं की जरा उचलती रं. उचलणारच थोडी, मऊ कडी आहे. मी म्हटलं, सवय होईल.

आणि मग जयंतीचा कार्यक्रम आला. गावात मोठा मांडव, मोठा माईक, तालुक्याची माणसं येणार, वंदना सोजरआत्या घेणार — आणि त्याच मांडवात माझा सत्कार होणार होता. गावचा पहिला डॉक्टर म्हणून. मिलिंदनं भाषणाची तयारी केली होती. त्यात तो आईच्या दातांचं सांगणार होता.

तुमच्या लक्षात आलं असेल.

आदल्या दिवशी मी आत्याला बोलावून घेतलं. म्हटलं, जरा घट्ट करून देतो. मऊ कड्या काढल्या आणि धातूच्या टोप्या बसवल्या. उजवीकडं टोपी बसताना हाताला कळलं मला — गोळीवर सरळ जात नव्हती, दाबून बसवावी लागली. आत्याचे डोळे जरा बारीक झाले. दुखतंय का विचारलं तर म्हणाली, न्हाय, बसली. मी स्वतःला सांगितलं, कार्यक्रम होऊ दे, मग परत मऊ बसवू. चार-आठ दिवसांत काय बिघडतंय?

कार्यक्रम छान झाला. आत्याचा आवाज मांडवाच्या बाहेरपर्यंत गेला, एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही. मग मिलिंद बोलला. मग आत्या, काय तिच्या मनात आलं कुणास ठाऊक, बायकांच्या घोळक्यात बसून एकेकीला म्हणायला लागली, वढून बग, बग वढून. बायका पदरानं तिची खालची कवळी धरून ओढत होत्या आणि ती जागची हलत नव्हती. सगळी हसत होती. आपला डाक्टर हाय म्हणून झालं, असं ती प्रत्येकीला सांगत होती. ज्या म्हाताऱ्यानं मला अर्धा डॉक्टर म्हटलं होतं तोही आला आणि माझ्या पाठीवर थाप मारून गेला. वडील नव्हते बघायला. ते असते तर — जाऊ द्या.

मग मी त्या टोप्या काढल्या का? नाही. आत्या तपासणीला आली तेव्हा म्हणाली, आता मक्याचं कणीसबी खाते. मऊ कडी बसवली असती तर परत उचलली असती. ती म्हणाली असती, पहिलंच बरं होतं की. मग मला सांगावं लागलं असतं, आत्या, ते घट्ट तुमच्यासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं. आणि आपल्याकडं कसं आहे, घट्ट म्हणजे चांगलं. कवळी हलू देणं हेच तिच्या हाडाच्या भल्याचं आहे, हे कुणाला पटवणार? कुणाला नसतं पटलं, पण तिला पटलं असतं. मी सांगितलं असतं तर तिनं ऐकलं असतं. त्याच तपासणीत, रात्री कवळी काढताना दोन्ही हातांनी जोर लावावा लागतो, असंही ती हसत म्हणाली. उजवीकडची हिरडी थोडी लाल होती. मी म्हटलं, ब्रश नीट करत जा.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. चुकीची टोपी बसवली, वेळेत बदलली नाही — वाईट आहे, पण असल्या चुका प्रत्येक डॉक्टरच्या पोटात असतात आणि तो त्यांच्यासकट जेवतो-झोपतो. खरं सांगायचंय ते याच्या पुढचं. बघा ना, किती वेळ मी टोप्यांचं आणि गोळ्यांचं सांगत बसलो.

पुढच्या हिवाळ्यात मिलिंद आत्याला घेऊन आला. उजवा स्क्रू हलत होता, पू येत होता. मी एक्स-रे काढला. डाव्या स्क्रूभोवती हाड जसंच्या तसं. उजव्याभोवती वाटीसारखा खड्डा. हे बघून दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षातल्या पोरालाही कळलं असतं. मिश्रीनं हाड गेलं असतं तर दोन्हीकडचं गेलं असतं. हे एकाच बाजूचं गेलं होतं, तिरक्या बाजूचं, जिथं मी टोपी दाबून बसवली होती तिथलं.

मिलिंद शेजारी उभा होता. कशामुळं झालं असंल हे, असं त्यानं सहज विचारलं. त्याच्या मनात काही नव्हतं. त्यानंच माझ्यावर भाषण केलेलं. मी स्क्रीन बंद केली. आणि हसत — हो, हसत — आत्याकडं वळून म्हणालो, आत्या, खरं सांगा, थोडी थोडी चालूच आहे ना मिश्री?

मी ती खोटं बोलते असं म्हटलं नाही. नुसतं विचारलं. बघा किती हुशार माणूस.

आत्या म्हणाली, न्हाय.

एकदाच. आणि माझ्याकडं बघत राहिली. रागानं नव्हे. आपण काहीतरी नीट ऐकलं नसावं, अशी. तिला वाटलं असेल की मी आता म्हणेन, बरं बरं, मग दुसरं काहीतरी असेल. मी काही म्हटलं नाही. मिलिंदच म्हणाला, आई, डॉक्टरपुढं तरी खरं बोल की. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला हे वाक्य म्हटलं असणार, आणि ते तिच्या पोटच्या पोरानं म्हटलं.  आणि मग मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, असू द्या हो आत्या, वय झालं, सवय सुटत नसते एकदम. मी तिला माफ केलं. कळतंय का तुम्हाला? मी तिला माफ केलं.

स्क्रू काढला. एकटा डावा काही कामाचा नव्हता. कवळी परत नाचायला लागली. मी नवीन करून देतो म्हटलं, पैसे नकोत म्हटलं. मिलिंद म्हणाला, तुम्ही लई केलं, आईनंच वाटोळं केलं. तो तसा चांगला मुलगा आहे. घरी त्याची बायको सुजाता फडताळं धुंडायची, गादीखाली हात घालायची, डबी सापडते का म्हणून. नातवंडं म्हणायची, आजी, तोंड दाखव. चिडवायलाच म्हणायची, पोरंच ती. डबी कधी सापडली नाही. सापडणार कुठून? पण न सापडल्यामुळं उलट असं झालं की म्हातारी लपवण्यात पक्की आहे. वस्तीभर झालं. सोजरला विचारा म्हणायचं लोकांनी हळूहळू बंद केलं. कुणी ठरवून नव्हे. नुसतं कुणाच्या तोंडी येईना.

वंदना ती मागं बसून म्हणायला लागली. मला वाटलं, दातांमुळं. मिलिंद म्हणाला, नाही हो, ती म्हणते चौथं शील आलं की समोरची पोरं माझ्याकडं बघतात. चौथं म्हणजे खोटं न बोलण्याचं. त्यानं हे मला दवाखान्यात चहा पिता-पिता सांगितलं, आईचा हट्टीपणा म्हणून. मी चहा पीत होतो. मी पीत राहिलो.

त्यानंतर एकदा आत्या एकटीच आली. मिलिंदला न सांगता, एसटीनं. बाहेरच्या बाकावर सगळे पेशंट संपेपर्यंत बसून राहिली. आत आली, खुर्चीत बसायला नको म्हणाली, स्टुलावर बसली. म्हणाली, डाक्टर, म्या लई इचार केला. म्या तर घेतली न्हाय. पर तूबी खोटं बोलणार न्हाईस. मग आसं आसंल का, की आधीची, इतक्या वरसांची, आत हाडात मुरलेली आसंल? तिनंच हे केलं आसंल?

समजलं का तुम्हाला ती काय करत होती? दोघांपैकी एक जण खोटा ठरत होता, आणि तिला दोघंही खरे राहायला हवे होते. तिनं एकटीनं बसून त्यातून वाट काढली होती, आणि एवढ्या लांब एसटीनं येऊन ती माझ्यापुढं ठेवली होती. मला फक्त एवढं म्हणायचं होतं — हो आत्या, आधीचीच असेल. खोटंच, पण त्या खोट्यानं तिचं खरं तिला परत मिळालं असतं. मिलिंदला एक फोन केला असता तर घरातली फडताळं शांत झाली असती. माझी टोपी तशीच झाकलेली राहिली असती. माझं काहीही गेलं नसतं.

पण माझ्या डोक्यात आलं, मिलिंद मास्तर आहे, तो विचारेल — आधीची मुरलेली होती तर मग स्क्रू घातलेतच कशाला? आणि एक प्रश्न आला की मागून दुसरा येतो. मी म्हणालो, आत्या, तसं सांगता येत नाही. आता ते धरून बसू नका.

बरं, म्हणाली. उठली. दारात थांबून विचारलं, जेवण कोण करतं रं तुला हितं? मी म्हटलं, डबा येतो. एकटं खाणं लई वाईट, म्हणाली आणि गेली. नंतर मला कळलं की घरात तीही एकटीच जेवायची. भाकरी कालवणात भिजवून मऊ होईस्तोवर वेळ लागायचा, सगळ्यांची जेवणं उरकलेली असायची. आणि समोर बसलं की सुजाता तोंडाकडं बघते, असं तिला वाटायचं.

मग ती मिश्री लावायला लागली. उघड. दारात बसून. मी एका लग्नाला गावी गेलो होतो, तिच्या दारावरूनच वाट. हाक मारून बोलावलं, ये डाक्टर, बस. बोट काळं, ओठ काळे. म्हणाली, आता घेते बग. म्हणत्यातच तर घेते. ती हसत होती, पण पूर्वीसारखं नाही. आणि मला काय वाटलं सांगू? वाईट वाटलं, असं सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. मला सुटल्यासारखं वाटलं. छातीवरचं काहीतरी उतरलं. आता खरंच लावतेय ना, मग झालं — माझं बोलणं खोटं उरलं नाही. लग्नात चार जण म्हणाले, डॉक्टरनं बरोबर ओळखलं होतं. मी मान हलवली आणि पोटभर जेवलो. माझ्याविषयी काही एक जाणून घ्यायचं असेल तर ते हे घ्या. टोपी नाही, एक्स-रे नाही. त्या लग्नातलं माझं जेवण.

त्यानंतर गावाला जाणं मी कमी केलं. काम आहे, पेशंट आहेत. जुने लोक फोन करायचे, हळूहळू तेही थांबले. आता रविवारी दवाखाना बंद असतो तेव्हा वरच्या खोलीत मी टीव्ही लावून आवाज बंद करून बसतो. कुणाचा आवाज नको वाटतो आणि कुणी नसलेलंही सोसत नाही. बायको विचारते, तब्येत ठीक आहे ना? मी ठीक म्हणतो.

आत्या गेल्या पावसाळ्यात गेली. दातांमुळं नव्हे, छातीत कळ आली आणि गेली. मी अंत्यविधीला पोचलो नाही. खरं तर पोचता आलं असतं. पुण्यानुमोदनाला, म्हणजे नंतरच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, गेलो. विहारातच होतं. फोटोला हार घातलेला, फोटोत ती हसत होती, तोंड मिटून. मिलिंद बोलायला उठला. आईनं कसं शेतात राबून शिकवलं, विहार कसा झाडून-पुसून ठेवायची, सगळं सांगितलं. मग वातावरण हलकं करायला म्हणून तो म्हणाला, माझी आई जन्मात कधी खोटं बोलली नाही, एक मिश्रीचं सोडलं तर — विचारा आमच्या डॉक्टरांना. लोक हसले. प्रेमानंच हसले, सुजाताही डोळे पुसत हसली. आणि सगळ्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं.

दोन शब्द बोला म्हणून माझ्या हातात माईक दिला. वस्तीतले सगळे समोर. तिची नातवंडं पुढच्या रांगेत. एक वाक्य लागत होतं. तिला आता त्याचा उपयोग नव्हता, पण त्या पोरांना होता — आजी कशी होती म्हणून ती पुढं जन्मभर जे सांगणार, त्याला होता. मी घसा साफ केला. म्हणालो, म्हातारं माणूस, सवय कुठं सुटते, पण आत्याचं मन फार मोठं होतं.

लोकांनी माना हलवल्या. मी येऊन बसलो. मिलिंद सरकून माझ्याशेजारी आला, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि हळूच म्हणाला, आईचं तुम्ही कधी मनावर घेतलं नाही, लई उपकार आहेत तुमचे.

मी म्हणालो, अरे, त्यात काय एवढं.